कोंबडीचं तोंड

कोंबडी टेबलावर आली तेव्हा तिचं तोंड छुनमेईकडे होतं.

टेबलावरच्या गप्पा थांबल्या. वर्षअखेरच्या जेवणात मालक कोंबडीचं मुंडकं ज्याच्याकडे वळवून ठेवतो, त्याने नव्या वर्षात कामावर यायचं नसतं, हे चीनमधल्या डोंगग्वानच्या कारखान्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हल्ली बहुतेक मालक मुंडकं आधीच काढून टाकतात. त्साओ शेठला मात्र जुन्या रीती फार प्रिय होत्या, विशेषतः फुकटात पाळता येणाऱ्या. बक्षिसाच्या लाल पाकिटातसुद्धा यंदा त्याने कारखान्याचीच एकेक केबल घालून दिली होती, लॅपटॉपही झटक्यात चार्ज करणारी. छुनमेईच्या जुन्या फोनला ती बसतच नव्हती.

सोल्डरिंगचे डाग देणारं यंत्र येणार म्हणून दोघींपैकी एकीला जावं लागणार, हे महिनाभर सगळे बोलत होते. छुनमेई आणि बाओफेंग. एकाच बाकावर दोघींचे केस पिकले होते. या जाड केबलच्या तोंडात तांदळाच्या कणीएवढी चिप बसवावी लागते. ती तिरकी बसली की केबल फुकट. गेल्या उन्हाळ्यापासून छुनमेईला ती कणी नीट दिसतच नव्हती. ती अंदाजाने डाग द्यायची आणि ट्रे हळूच डावीकडे सरकवायची. बाओफेंग स्वतःचं काम सांभाळून तिच्या तिरक्या चिपा सरळ करायची. कुणाला पत्ता नव्हता.

"काय गं, सगळ्यांच्या तोंडाला कुलपं लागली का?" शेठ हसला. "जेवा की!"

गावाकडे छुनमेईचं कुणी उरलं नव्हतं. कारखान्याच्या खोलीतली वरची खाट, तेवढंच तिचं घर.

तेवढ्यात बाओफेंगने सगळी ताटं मांडलेली टेबलावरची फिरती काच धरली. "मला मेलीला भाजी पोचतच नाहीये," असं म्हणत तिने काच अशी फिरवली की कोंबडी थेट शेठकडे बघू लागली.

"शेठ, आता तुम्हीच चालते व्हा!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. शेठही हसला.

छुनमेईचा जीव भांड्यात पडला. या बाईसाठी काय करू न् काय नको, असं तिला झालं. बाओफेंगला माशाच्या गालाचा तुकडा आवडतो, तो आपल्या हाताने तिला वाढावा म्हणून तिने काच ओढली. मासा हाताशी आला. तिने काच थांबवली, तुकडा उचलून बाओफेंगच्या वाटीत ठेवला आणि मग तिला दिसलं. कोंबडीचं तोंड बाओफेंगसमोर होतं.

काच आणखी वीतभर सरकवता आली असती. छुनमेईची बोटं काचेवरच होती. ती हलली नाहीत.

"हात काढ," शेठ म्हणाला. आता तो हसत नव्हता. "मी तुलाच काढणार होतो, छुनमेई. पण तू स्वतःच निवड केलीस. सुंठीवाचून खोकला गेला."

"शेठ, चुकून झालं हो," छुनमेई पुटपुटली. काच मात्र तिने फिरवली नाही.

"माझी पोर यंदा परीक्षेला बसतेय, शेठ," बाओफेंग म्हणाली.

"मग घरी राहून तिचा अभ्यास घे."

बाओफेंगने वाटीतला तुकडा खाल्ला. नीट चावून, सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोचकं घेऊन बाकापाशी आली. छुनमेईने मान वर केली नाही. तिला स्वतःची किळस येत होती.

"आता तुझा ट्रे कोण बघणार गं?" बाओफेंगने विचारलं. तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. तो असता तर छुनमेईला रडता तरी आलं असतं.

बाओफेंग गेली. छुनमेईने पहिला ट्रे भरला आणि सवयीने डावीकडे सरकवला. तो रिकाम्या स्टुलासमोर जाऊन थांबला. फेरीवर आलेल्या सुपरवायझरने तो उचलला आणि वरचीच केबल तपासणीच्या यंत्राला लावली.

लाल दिवा लागला. तेवढा मात्र छुनमेईला स्पष्ट दिसला.