मावशीच्या घरचा मसाला

मी जालन्याची. आमच्याकडे नाही म्हणायचं असेल तर माणूस तोंडावर नाही म्हणतो आणि वर चहा पाजतो. हे आधीच सांगते, म्हणजे मी एवढी का भडकले ते कळेल.

कळंबोलीत नोकरी लागली आणि मी कामोठ्यात भाड्याने राहायला आले, तेव्हा इथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. इमारती सगळ्या एका साच्यातल्या. एकदा तर मी दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावत उभी होते. मग मी दुकानं धरली. नव्या गावात माणसं जोडायची तर दुकानातून जोडावीत, तिथे निदान कोणी हाकलत नाही. कोपऱ्यावरचा बेकरीवाला माझ्यासाठी कडक पाव बाजूला ठेवू लागला. पनवेलच्या बाजारातल्या विनायकशेठच्या मसाल्याच्या दुकानात शिरलं की आधी शिंका यायच्या, मग चहा. पण माझं खरं ठिकाण म्हणजे कामोठे गावातली भामामावशीची खानावळ.

खानावळ कसली, घराची पडवीच. आत सून सुनिता तांदळाच्या भाकऱ्या थापायची, बाहेर मावशी वाढायची. मी तोवर मासा खाल्ला नव्हता. मावशीने समोर बसून शिकवलं. "काटा बघ गो, घाई कसली? गाडी सुटते का तुजी?" मला ताप आला तेव्हा तिने डब्यातून पेज पाठवली होती. ऑफिसात कोणी विचारलं, इथे तुझं कोण आहे, तर मी बिनधास्त सांगायचे, मावशी आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला म्हटलं, "मावशी, मला तुमचा मसाला शिकवा. आई-अण्णा पहिल्यांदाच येणारेत, त्यांना तुमच्यासारखं कालवण करून घालायचंय."

"शिकवते की. तुला नाय तर कोनाला?" मावशी म्हणाली.

आणि शिकवलंही. विनायकशेठकडे स्वतः आली, मिरच्या हातात घेऊन निवडल्या, एकेक जिन्नस तोंडाने सांगितला. तो बांधत गेला. मिरच्या माझ्या गच्चीवर वाळल्या. डंकावर मसाला कुटताना दुसऱ्याचा आपल्यात मिसळू नये म्हणून बसून राहावं लागतं, तर तिथेही ती पदर नाकाला लावून माझ्याशेजारी बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आता आपण इथल्या झालो.

आई-अण्णा आले. मी बांगड्याचं कालवण केलं. रंग सुरेख, तिखटपणा भरपूर, आणि चव कुठेच नाही. अण्णा "छान झालंय" म्हणाले आणि जरा वेळाने त्यांनी लोणचं मागितलं. माझे अण्णा कधी गोडगोड बोलत नाहीत. तेवढ्यावरून मी काय ते समजले.

मी रडकुंडीला येऊन मावशीकडे गेले. तिने माझा हात हातात घेतला. "मसाला तोच हाय गो. हाताला चव लागते. येल हळूहळू."

मी विश्वास ठेवला. कढई बदलली, मासेवाली बदलली, कांदा जास्त परतून पाहिला, कमी परतून पाहिला. शेवटी मान्य केलं, की माझ्या हातालाच चव नाही. पाहुण्यांना बाहेरचं मागवून घालू लागले.

या उन्हाळ्यात मसाला संपला म्हणून पुन्हा विनायकशेठकडे गेले. सुनिता आधीच तिथे होती. गल्ल्यावर तिच्या पुड्या मांडलेल्या होत्या. मी सहज पाहिलं, तर दगडफूल. शेजारी नागकेशर. ही दोन्ही माझ्या मसाल्यात नव्हतीच.

"शेठ, मलाही हे द्या," मी म्हटलं.

सुनिताने पिशवी उचलली आणि उरलेलं सामान न घेताच ती निघून गेली. विनायकशेठ गोंधळला. "तुम्हाला चालतं? भामाबाई आधीच सांगून गेलेल्या, अनुयाताईंना हे दोन्ही बांधायचं नाही. मला वाटलं, तुम्हाला सोसत नसेल."

"त्यांच्या घरी दरवर्षी हे जातं?"

"वर्षानुवर्षं." मग त्याच्या लक्षात आलं. "ताई, गिऱ्हाईक जुनं आहे हो. मी कसं बोलणार?"

त्याचा चहा मी तसाच ठेवला.

खानावळीत जेवणाची वेळ सरत आली होती. मावशीची लेक दिपिका उरणहून माहेरपणाला आलेली, ती एका कोपऱ्यात जेवत होती. सुनिता चुलीकडे तोंड करून उभी. मी दारातूनच विचारलं, "मावशी, दगडफूल आणि नागकेशर का लपवलंत?"

मावशी जरासुद्धा बावरली नाही. "लपवलं कसलं? तो माझ्या सासूचा मसाला हाय. घरचा मसाला सुनेला देतात. बाहेर नाय जात."

"मग नाही म्हणायचं होतं! मी काय गळा काढला असता? माझा हात हातात घेऊन खोटं बोललात. वर्षभर मी स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या!"

"तू एवढ्या मायेनं मागलास, नाय कसा म्हनू तुला?" मावशीही चढ्या आवाजात बोलली. "पोटच्या लेकीला नाय दिला, तितं तुला कुटून देऊ?"

बोलून गेली आणि थांबली. दिपिकाचा हात ताटातच राहिला.

"मला दिलास ना आई," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी. तू सांगितलास, मी कुटला."

मावशी उष्टी ताटं गोळा करायला लागली.

"मंग मला पन असाच दिलास?" दिपिकाचा आवाज चिरकला. "सासूला मी मोठ्या तोंडानं सांगितला, माझ्या आयशीचा मसाला हाय, बघा चव. थू करून टाकला तिनं. मी तुला फोन केला, तर तू म्हनालीस, हाताला चव लागते. मी तेच जाऊन सासूला सांगितला, आई चुकली नाय, माझा हातच वाईट हाय. तिनं तिचा मसाला धाकट्या जावेला दिला. म्हनाली, हिच्या हाताला चव नाय, हिला देऊन फुकट जायचा." ती सुनिताकडे वळली. "वयनी, तुला म्हाईत होतं?"

सुनिताने मान खाली घातली.

दिपिका अर्ध्या ताटावरून उठली. तिने मोरीवर हात धुतले, आतून पिशवी आणली आणि माझ्या शेजारून बाहेर पडली. मावशी "दिपे, दिपे" करत दारापर्यंत आली, पण ती मागे वळली नाही. माझं भांडण तिथेच राहिलं. मला वाईट वाटत होतं, आणि रागही तसाच होता.

मावशीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया कुठे शोधूनही सापडली नसती.

"तू कोन गो आमच्या घरातली?" ती म्हणाली.

वर्षभर मला वाटत होतं, याचं उत्तर मला माहीत आहे.