पलंग कोणत्या गावात

पलंग दारातच अडकला. पुढचे दोन पाय खोलीत, मागचे दोन बाहेरच्या बोळात, आणि मधोमध उंबरठा.

"उचल की जरा!" आतून मेल्क ओरडला.

"उचललाय," बाहेरून वेंडेल सुतार म्हणाला. "तूच सोडत नाहीयेस."

"मी कशाला सोडू?"

"तेच म्हणतोय. तू जन्मात कधी काही सोडलंयस?"

बोळाच्या टोकाला ट्रूडी दोन उशा कवटाळून उभी होती. तिला हसू आवरेना. शनिवारी तिचे आणि मेल्कचे लग्न होते. दोघांचेही केस पांढरे, ती विधवा, तो आजवर बिनलग्नाचा. त्यामुळे रुखवत म्हणावे असे काही नव्हतेच. होता तो हा अक्रोडाच्या लाकडाचा पलंग. तिच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेला, उशाशी कोरीव कमान असलेला, आणि असा पक्का सांधलेला की त्याचे भाग सुटे करायची सोयच नव्हती.

मेल्कचे घर टानविल आणि मोसरीड या दोन गावांच्या ऐन हद्दीवर होते. रेघ या बोळातूनच जायची. उत्तरेची छोटी खोली टानविलमध्ये, दक्षिणेची मोठी खोली मोसरीडमध्ये. आधी घर बांधले की आधी रेघ मारली, यावरून दोन्ही गावे पूर्वी बरीच भांडली होती आणि शेवटी तोडगा निघाला होता: माणूस ज्या गावात झोपतो, त्या गावाला त्याने कर भरावा. टानविलचा कर कमी, मोसरीडचा जास्त. त्यामुळे मेल्क जन्मभर उत्तरेच्या खोलीत झोपत आला होता, आणि पलंग अडकला होता तोही तिच्याच दारात. तिथे हिवाळाभर ऊन म्हणून येत नसे आणि जूनमध्येही पायात मोजे लागत. दक्षिणेच्या खोलीत मोठी खिडकी, खिडकीत अख्खा डोंगर, आणि जमिनीवर गवत अंथरून ठेवलेली सफरचंदे. सफरचंदांना कर नव्हता.

मेल्क टपालाची पिवळी बस चालवायचा. आता निवृत्त झाला होता, पण त्याची एक खोड काही निवृत्त झाली नव्हती. कोणी म्हणाले, मुलीला त्सुगला नोकरी लागली, की हा म्हणे, "कर नावाला आहे तिथं. पण घरभाड्यात अंगावरचा सदरा जाईल." कोणी ज्युरा प्रांतात स्वस्तात घर घेतले तर, "घर देतील स्वस्तात, मग करात वसूल करतील." दक्षिणेकडच्या टिचिनोला ऊन फुकट, पण आजारपणाच्या विम्याचा हप्ता ऐकून ताप यायचा. बस घाटात वळणे घेत असे आणि मेल्क तेवढ्यात साऱ्या देशाचा खर्च तोलून परत येत असे. निकाल ठरलेला असे: "सगळं धरून टानविलच परवडतं."

"ही कमान थोडी कापली तर जाईल आत," वेंडेल म्हणाला आणि त्याने पेटीतून करवत काढली.

ट्रूडीचे हसू थांबले. उशा खाली ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि तीन पेल्यांतून कॉफी घेऊन आली. टानविलच्या पद्धतीने तिने त्यात नाशपातीची दारू सढळ हाताने घातली होती. एक पेला तिने पलंगावरून आत दिला, कारण मेल्कला बाहेर येता येत नव्हते. दार पलंगाने पुरते अडले होते आणि आतली खिडकी मांजर जाईल एवढीच होती.

"मेल्क, नोव्हेंबरात आमच्या मोसरीडची गावसभा आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पोहण्याचा तलाव दुरुस्त करायला कर वाढवायचा म्हणतायत. बरं झालं, तू सुटलीस त्यातून."

"मला सुटायचं नाहीये."

मेल्कने पेला ओठांपाशी नेला होता, तो तिथेच राहिला.

"मी इथं झोपायला लागले की मी टानविलची झाले. मग मला त्या सभेत हात वर करता येणार नाही. गेल्या साली कसाबसा वाचला तलाव. चार हात इकडचे तिकडे झाले असते तर तिथं आज गाड्या उभ्या राहिल्या असत्या. मोसरीडच्या निम्म्या पोरांना मी पाण्यात उतरवलंय, मेल्क. त्या तलावाला कुलूप लागताना मी काय या उंबरठ्यावरून बघत बसू?"

"आधी नाही बोललीस."

"तुझं घर. म्हटलं, तू ठरव. पण बाबांची कमान कापायला निघालात, मग बोलावंच लागलं."

"अगं पण हिशेब तर बघ," मेल्क चुळबुळत म्हणाला. "कर जास्त, पाणीपट्टी जास्त..."

"आणि टानविलला काय आहे? पाववाला गेला, डॉक्टर गेला, सातनंतर बस नाही. सगळ्याला आमच्याकडे येता. पोहायलासुद्धा. ते धरतोस का हिशेबात?"

"पोहण्याचं तेवढं काढू नकोस, ट्रूडी," वेंडेल मध्येच म्हणाला. "त्यात आमचा हा माणूस पार बुडालेला आहे."

"गप रे तू!"

"का? होणाऱ्या वहिनींना कळू दे की. हा रोज बाहेरगावचं तिकीट काढतो, दुप्पट दराचं. उन्हाळाभर. मी म्हटलं, अरे, हंगामाचा पास घे, निम्म्यात काम होईल. तर म्हणे, पास हरवतो. बसची किल्ली जन्मात हरवली नाही याची!"

पासवाले तलावाच्या बाजूच्या फाटकातून सरळ आत जात. तिकीटवाल्यांना तिकिटाच्या खिडकीशी थांबावे लागे. आणि खिडकीत इतकी वर्षे ट्रूडीच बसत होती.

"पावसातही यायचास," ती हळूच म्हणाली. "पाण्यात चिटपाखरू नसायचं. तिकीट काढायचास आणि न पोहताच घरी जायचास."

मेल्क पेल्यात बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"आणि दर वेळी मोठी नोट. खिसा सुट्ट्या नाण्यांनी खुळखुळत असायचा तुझा, मला ऐकू यायचं. तरी नोट."

"तुला कळत होतं?"

"नाही कसं कळणार? म्हणून तर मीही सुटे हळू मोजायचे."

मेल्कने पेला भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. मग त्याने दोन्ही हात पलंगाच्या पायथ्याला लावले.

"वेंडेल, ती करवत पेटीत टाक. ओढ तुझ्याकडे."

"माझ्याकडे म्हणजे? मोसरीडला?"

"कानात सफरचंद अडकलंय का? ओढ म्हणतो ना!"

आत जाताना इतके आढेवेढे घेणारा पलंग बाहेर येताना मात्र सुरळीत आला. दक्षिणेच्या खोलीचे दार रुंद होते. ट्रूडीने गुडघ्यांवर बसून सफरचंदे बाजूला केली, एक वेंडेलला दिले, एक स्वतः खाल्ले. खिडकीखाली पलंग टेकला तेव्हा त्याच्यावर ऊन आधीच येऊन बसले होते. मेल्क त्यावर बसला. जरा वेळाने त्याने मोजे काढले आणि पायांची बोटे उन्हात हलवून पाहिली. इतका आनंद त्याला लपवता येईना, आणि तो लपवायचा कशाला, हेही त्याला सुचेना.

"तुझं डोकं फिरलंय," वेंडेल सफरचंद चावत म्हणाला. "आता गावभर कोणाला परवडतं-नाही-परवडतं सांगत फिरू नकोस."

मेल्कचे लक्ष नव्हते.

"ट्रूडी, त्या सभेत हात किती वेळ वर धरायचा असतो?"

"मोजून होईपर्यंत."

त्याने तिथेच हात वर केला. खांदा आखडलेला होता, त्यामुळे हात कानापर्यंत जाऊन थांबला.

"अजून वर. मागच्या रांगेतून दिसायला हवा."

त्याने नेट लावून हात पार वर नेला. ट्रूडी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिकिटाच्या खिडकीत सुटे मोजायची तशी मोजू लागली.

"एक," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ दोन म्हणालीच नाही.