सोमवारी खाली आलेली दोरी

मी एक जुनी, कपडे वाळत घालायची दोरी आहे, मित्रांनो. आयोवातल्या एका लहानशा गावात, आर्डिसच्या परसात, दोन लोखंडी खांबांमध्ये एकतीस वर्षं ताणलेली. माझी उंची आर्डिसनेच ठरवली. चवड्यांवर उभी राहून तिने हात वर केला, बोटं पोचली तिथे मला बांधलं. तेव्हापासून दर सोमवारी तिचे हात येत. आधी ओला गारवा, मग चिमटा, मग वारा. चादरीत वारा शिरला की परसाचं गलबत होई.

एका ऑक्टोबरात, शनिवारी दुपारी चारला, आर्डिसने औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली. लस चांगलीच होती. सुई मात्र दंडात न जाता फार वर, खांद्याच्या सांध्यात गेली. तशीच ती चर्चच्या जेवणावळीत वाढायला गेली. सोमवारी सकाळी जेवणावळीचे अकरा पांढरे टेबलक्लॉथ धुऊन माझ्यापाशी आली. डावा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. मग उजव्या हाताने गाठी सोडून तिने मला कमरेइतकं खाली बांधलं.

कुंपणापलीकडून शेजारीण लोरेन हसली. "काय गं, यंदा सशांची पंगत बसवतेस की काय?"

"खांदा धरलाय शनिवारपासून. होईल बरा."

"डॉक्टरला दाखव."

"एवढ्याशा दुखण्याला?"

हात केसांपर्यंत जाईना, तेव्हा डिसेंबरात एकदाची डॉक्टरकडे गेली. परत आल्यावर लोरेनने कुंपणापाशीच तिला धारेवर धरलं. "नर्सने 'कसं काय?' विचारलं, आणि तू 'तक्रार काही नाही' म्हणालीस?"

"मग काय रडू तिच्यापुढे? कुणी विचारलं की तेच म्हणतात."

"रडायचं होतंस बाई. आता कागदावर तेच चढलं ना."

अशा सुईने खांदा गेला तर इथे भरपाई मिळते. दावा सरकारवर, वॉशिंग्टनच्या न्यायालयात. सुई टोचणाऱ्या दुकानातल्या पोरीवर नाही, म्हणून तर आर्डिस तयार झाली. पण दुखणं सुईनंतर दोन दिवसांच्या आत सुरू झालं, हे दाखवावं लागतं. आणि डॉक्टरकडचा कागद म्हणत होता, तक्रार नाही.

तेव्हा लोरेनने शपथेवर लिहून दिलं: "जेवणावळीनंतरच्या सोमवारी सकाळी नऊला आर्डिसची दोरी खाली होती, टेबलक्लॉथ गवतात लोळत होते, मी थट्टा केली, आणि तिने खांद्याचं सांगितलं." जेवणावळीची तारीख चर्चच्या पत्रकावर होतीच.

दोन वर्षांनी न्यायाधीशांनी ते मानलं. भरपाई आली, खांदा काही पुरता परत आला नाही. आर्डिसने कपडे वाळवायचं यंत्र घेतलं. तिला ते सोसतं, मी कोण नको म्हणणार? सोमवारी भिंतीतल्या झडपेतून ऊन वाफ बाहेर येते, तोच साबणाचा वास घेऊन. तेवढाच माझ्या वाट्याला. पाखरं बसतात माझ्यावर, पण पाखरांना बोटं नसतात.

मित्रांनो, दुखलं तर त्याच दिवशी सांगा. विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून 'ठीक आहे' म्हणू नका. आणि कुणाच्या परसात रिकामी दोरी दिसली, तर एखादा ओला रुमाल तरी टाका तिच्यावर. माझ्यापुरतं म्हणाल, तर हात वर न्यावा लागणार नाही. मी अजून खालीच आहे.