पैलवानाचा रवंथ

माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतच झाले. परंतु जनावराची पारख मी चाळीस वर्षे केली. उंब्रज परिसरात कोणास खिलार बैल घ्यावयाचा झाल्यास तो प्रथम मला बाजारी घेऊन जात असे. बैल चार पावले चालला की त्याचा स्वभाव मी सांगत असे. या विद्येचा मला अभिमान होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा जयराज फौजेतून सुट्टीवर आला आणि त्याने माझी नात अंकिता हिच्याकरिता कराडहून तीन ससे आणले. परत जाताना तो मला एकीकडे घेऊन म्हणाला, "आबा, अंकी फोनवर माझ्याशी धड बोलत न्हाई. सशांच्या निमित्तानं तरी बोलंल. तेवढं त्यास्नी संभाळा."

आणि तसेच घडले. दर रविवारी ती फोन सशांच्या खुराड्यासमोर धरून बापाशी अर्धा अर्धा तास बोलू लागली.

तिन्ही सशांच्या जाती भिन्न होत्या आणि चालीही भिन्न होत्या. काळ्या-पांढऱ्या डच जातीची बिजली धावता धावता हवेतच अंग पिळून उलट्या तोंडाने उतरे. लाल डोळ्यांची पांढरी साखर पाऊल टाकण्यापूर्वी डोके डावीउजवीकडे डुलवी, जणू समोरचे अंतर मोजत आहे. तिसरा लोंबत्या कानांचा, अंगाने जाड. त्याचे नाव पैलवान. तो सावकाश चाले आणि खाणे झाले की मागचे पाय लांब सोडून पसरे. "ही जातच थंड," असा निर्वाळा मी पहिल्याच दिवशी दिला होता.

माघ महिन्यातील एका शुक्रवारी सकाळी सूनबाई राणी म्हणाली, "आवं आबा, पैलवान जागचा हलंना. घास बी तसाच पडलाय."

"त्यो कवा पळालाय? जात थंड हाय त्येची."

अंकिता दप्तर पाठीवर घेऊन खुराड्याशी वाकली होती. "पण आबा, त्यो पसरून बसतो. आज गोळा झालाय."

मी जवळ जाऊन पाहिले. पैलवान कोपऱ्यात पाठ फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. त्याचा जबडा हलत होता आणि बारीक करकर ऐकू येत होती. माझ्या मनातील शंका तत्क्षणी दूर झाली.

"आगं, रवंथ करतोय बघ. रवंथ करणारं जनावर कवा आजारी असतंय व्हय? जा तू शाळंला."

"नक्की?"

"चाळीस वर्सं बैलं बघितली म्या."

ती निर्धास्त होऊन गेली.

सायंकाळी परत येताच तिने खुराड्याखालचा पत्रा ओढला आणि ती ओरडली, "आबा, सकाळपासनं एक पण लेंडी न्हाई!"

राणीच्या स्कूटीवर आम्ही तिघे कराडास गेलो. पैलवान माझ्या उपरण्यात होता व त्याची करकर माझ्या हाताला जाणवत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचे पोट चाचपले आणि केव्हापासून असे आहे, हे विचारले. मी रवंथाचे सांगितले.

"आजोबा, ससा रवंथ करत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "याचं पोट बंद पडलंय. दुखणं सोसत नाही म्हणून तो दात खातोय. सकाळी आणला असता तर बरं झालं असतं."

त्यांनी सुई दिली. पाऊण तासाने टेबलावरच करकर थांबली व तिच्याबरोबर पैलवानाचा श्वासही. अंकिता रडली नाही व माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

रविवारी फोन आला. तिने तो खुराड्यासमोर धरला.

"पैलवान कुठाय गं?" जयराजने विचारले.

"आत झोपलाय, पप्पा. थंड जात हाय न्हवं त्येची."

माझेच वाक्य तिने माझी चूक झाकण्याकरिता पुढे केले होते. मी तिच्या हातातून फोन घेतला व सकाळच्या करकरीपासून सर्व हकीकत मुलास सांगितली. तो म्हणाला, "अंकीला द्या."

परंतु अंकिताने फोन घेतला नाही. ती जाळीला नाक लावून साखरेकडे टक लावून बसली होती. साखर डोके डुलवीत होती.

"आबा, ही रोज एवढीच डुलते का?"

जातीचा स्वभाव मला तोंडपाठ होता. परंतु काल साखर किती डुलली, हे मी पाहिले नव्हते. फोन हातात तसाच धरून मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि पाहू लागलो.