ओसरीतला भासरा

मोठीमायच्या ओसरीत फोन बांधला, तेव्हा गल्लीत सगळ्यांना कौतुकच वाटलं होतं. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मोठीमाय म्हणजे केशरबाई, माझ्या नवऱ्याची, सूरजची, थोरली काकू. मोठेबाबा लक्ष्मणराव गेल्या वर्षी गेले आणि आमच्या एकोडी गावातल्या त्या घरात ती एकटी उरली. मुलगा भुपेंद्र पुण्याला कंपनीत. नाव लिहायला काही वाटत नाही, पण तोंडाने घ्यायला माझी जीभ अजून वळत नाही, कारण ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, चुलत असले तरी. दिवाळीला आले, तेव्हा त्यांनी आईला सरळ सांगितलं, "एक तं पुन्याले चाल, नाही तं माई नजर तुया दारावर राहीन." शेजारच्या गावात लोक धान कापायला गेलेले असताना चोरांनी भरदिवसा एका घराचं कुलूप फोडलं होतं, त्याची त्यांनी धास्ती घेतली होती.

मोठीमाय म्हणाली, "ठेव बापा नजर. पन मी इथंच राहतो."

त्यांच्याकडे जुना फोन होता. काचेला तडा गेलेला, पण कॅमेरा शाबूत. त्यात त्यांनी ॲप टाकलं, वायफाय जोडलं, चार्जरची वायर भिंतीवरून आणली आणि ओसरीच्या खांबाला फोन सुतळीने करकचून बांधला, तोंड फाटकाकडे. पुण्यात बसून दिसायचं, ऐकू यायचं, बोलताही यायचं. एवढी हुशारी केली आणि एक साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही. बायकांच्या साध्या गोष्टी पुरुषांच्या डोक्यात येत नाहीत, हे मी लग्न झाल्यापासून पाहते आहे.

आमच्याकडे सून भासऱ्यासमोर जात नाही. अगदीच समोर आला तर पदर घेऊन बाजूला होते. बोलणं तर नाहीच. आणि आमच्या गल्लीतली निम्मी घरं एकाच भावकीची, त्यामुळे माझ्यासारख्या सगळ्याच सुनांचे ते भासरे.

मोठीमायच्या हाताला गुण आहे. गल्लीतलं प्रत्येक बाळ तिच्याच पायांवर तेल लावून घेतं आणि न्हातं. माझी गुड्डीही. फोन लागल्यावर एका सकाळी शेजारची भावना साडी खोचून, पोराला काखेत मारून गुणगुणत ओसरी चढली, तोच खांबावरून आवाज आला, "माय, जेवलीस काय?"

भावना अशी पळाली की चप्पल पायरीवरच राहिली. ती घराला वळसा घालून सांदवाडीतून, म्हणजे मागच्या अंगणातून, आत आली. त्या दिवसापासून सगळ्या सुनांची वाट तीच झाली. बाळांची न्हाणीही मागेच सरकली. गल्लीतली आनंदाबाई सासूच्या वयाची, तिला कुणाची भीती नाही, पण गप्पा जिथे तिथे आनंदाबाई, म्हणून तीही मागेच. मोठेबाबा गेले तरी संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याच घरी करायचं आम्ही सुनांनी ठरवलं होतं, तेसुद्धा वांग्यांच्या वाफ्याजवळ बसून केलं.

मी मोठीमायला म्हटलं, "फोनचं तोंड भिंतीकडे करा ना."

"फिरवला तं तो घाबरन. घाबरला तं मले नेईन."

"मंग खरं सांगा त्याहिले."

"काय सांगू वं? तुले पाहून बाया पळतेत म्हनून? म्हनन, काढतो फोन, चाल पुन्याले."

सूरजला म्हटलं, तुम्ही बोला. तर हा माणूस पोट धरून हसला आणि म्हणाला, "दादाले असं कसं सांगू मी?" झालं. घरात एक पुरुष, तोही असा.

मग एक दिवस आम्ही सगळ्या मागे बसलेलो असताना मोठीमायच्या हातातल्या साध्या फोनवर त्यांचा फोन आला. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकर सुरूच असतो.

"माय, बाया रोज येतेत म्हनून तू मले खोटं सांगून राहिली. संक्रांत झाली, तुया दारात कोनी हळदीकुंकवालेही नाही आलं."

"येतेत ना रे. मागून येतेत."

"समोर दार असून मागून काहून येतीन? मी रोज पाहून राहिलो, माय. ओसरी रिकामी. मले कामात जीव नाही लागत. रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेव."

फोन बंद झाला. गुड्डी मोठीमायच्या पायांवर होती, तिच्या पाठीला ती तेल लावत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता हिले कोन न्हाऊ घालन, पाहून घेजा."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्यांच्यावर, सूरजवर, माझ्या स्वतःच्या पदरावर. मी उठले, घरातून सरळ ओसरीत गेले आणि फोनसमोर उभी राहिले. हाक काय मारायची तेच कळेना. लग्नापासून या माणसाशी मी एक शब्द बोलले नव्हते.

"ऐका," मी म्हटलं. "मी सूरजची बायको. रिता."

काहीच आवाज नाही. मला वाटलं, कोणी पाहतच नाही. पळून जावंसं वाटलं.

मग आवाज आला, घाबरलेला. "माय बरी आहे ना?"

"बरी आहे. तुमी इथं बसले आहा, म्हनून कोनी समोरून येत नाही."

"मी? मी तं पुन्यात आहो."

"आवाज इथून येते, डोळे इथं आहेत. भासरा ओसरीत बसला असन, तं सुना समोरून जातीन काय?"

मग मी सुतळी सोडली, वायर काढली आणि फोन घेऊन घरातून मागे निघाले. दारातून ओरडले, "पदर घ्या वं बायांनो, भासरे येऊन राहिले!"

भर्रकन पदर वर गेले. भावनाने तर हनुवटीपर्यंत ओढला. पण एकही बाई जागेवरून उठली नाही.

मी फोन सगळीकडे फिरवला. बाया, वाट पाहणारी तेलकट बाळं, चुलीवरचं पाणी, उन्हात पाय पसरून बसलेली आनंदाबाई आणि मध्ये मोठीमाय, पायांवर गुड्डी.

"दिसलं काय रे?" आनंदाबाई ओरडली. "एकटी आहे काय तुई माय?"

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "माय," ते म्हणाले, "मले वाटलं, बाबा गेल्यावर तुले सगळ्यायनं सोडलं."

"सोडतीन कायले? मीच नाही सोडत याहिले."

"नाही नेत तुले. रविवारी येतो, पन भेटालेच." मग कोणालाही उद्देशून नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "मंग फोनचं काय करू?"

यावर मोठीमायने गुड्डीच्या डोक्यावर पाणी ओतता ओतता निकाल दिला, "राहू दे खांबाले. पन घरात येयाच्या आंधी मानूस जसा खाकरते, तसा खाकरत जा. बाया पदर घेतीन अन् बसतीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही समोरून आलो. भावनाही आली. तेवढ्यात खांबावरून घसा खाकरल्याचा आवाज झाला, चांगला मोठा, भारदस्त. आम्ही पदर घेतले. मोठीमायचा तेलाचा हात मात्र तसाच थांबला आणि तिने एकदम फाटकाकडे पाहिलं.

"मोठेबाबाच वाटले ना?" मी विचारलं.

"अगदी तसंच खाकरते वं पोरगं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मग खांबाकडे वळून म्हणाली, "ये बापा, बस. सगळ्या आल्या आहेत."