शंका असेल तर झेंडा खाली

"आवाज वाढव वं थोडा," बाबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची आणखी वीतभर मागे सरकवली.

आता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालाच टेकली. मी पोळ्या लाटत होते, माझ्या कोपराला त्यांची पाठ लागत होती. टीव्ही समोरच्या भिंतीवर, चांगला बारा फुटांवर. म्हातारी माणसं टीव्हीच्या जवळ जातात. माझे सासरे मात्र जानेवारीपासून थोडे थोडे मागे जात होते. मी ते पाहत होते, पण त्याचा अर्थ काल संध्याकाळपर्यंत मला लागला नव्हता.

चॅम्पियन्स लीगचा सामना होता, मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅमचा. दोन सामन्यांतला हा दुसरा, यातून एकच संघ उपांत्य फेरीत जाणार. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर सुरू होतो आणि बाबा दहालाच झोपतात, म्हणून माझा नवरा सुमंत सेट-टॉप बॉक्सवर लावून ठेवतो आणि बाबा सकाळी नऊला, नातीला शाळेत सोडून आल्यावर, ताजा असल्यासारखा पाहतात. तोवर घरात कोणी निकाल सांगायचा नाही हा नियम. सुमंत तर सकाळी वाडीला गोदामात जायला निघेपर्यंत बापाच्या डोळ्यांकडेही बघत नाही.

मी तो नियम आज पहाटे मोडला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मोबाईलवर सगळं वाचून काढलं. सिटी चार, टॉटनहॅम तीन, तरी टॉटनहॅमच पुढे, कारण दोन्ही सामन्यांची बेरीज सारखी आणि परक्या मैदानावरचे त्यांचे गोल जास्त. आणि अगदी शेवटी सिटीचा पाचवा गोल झाला होता, तो कॅमेऱ्यांनी रद्द केला. ऑफसाइड. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. मला हवं होतं तेवढं मी वाचून घेतलं.

मनोहरराव, म्हणजे माझे सासरे, एकतीस वर्षं नंदनवन भागात घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचत होते, आणि दर रविवारी शहरातल्या स्पर्धांत लाईन्समन. पंच नाही, कधीच नाही. कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन धावणारा, ऑफसाइड दिसला की तो उचलणारा माणूस. शिट्टी काहून घेतली नाही, असं कोणी विचारलं की म्हणायचे, शिट्टीवाल्याले सगळं मैदान शिव्या देते, झेंडेवाल्याले अर्धंच. एकदा अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याच मोहल्ल्याच्या संघाविरुद्ध झेंडा उचलला, तर महिनाभर न्हावी त्यांना बाकावर बसवून ठेवून मागून आलेल्यांची दाढी करायचा. हे ते आनंदाने सांगतात. आणि एक गोष्ट प्रत्येक सामन्यात एकदा तरी सांगतात, की दिसलं तर उचलायचा, शंका असेल तर झेंडा खाली.

काल संध्याकाळी गोपिका जमिनीवर बसून भाताचे घास खेळवत होती. मध्येच तिने डावा हात ताठ, सरळ बाजूला काढला. मी म्हटलं हे काय. म्हणाली, डावीकडून ऑटो. मग उजवा हात. उजवीकडून ट्रक. दोन्ही हात वर, म्हणजे सिग्नल लाल. गाडीवर आजोबांच्या पुढे उभी राहून ती रोज हे करते. गाडीवर आजोबांनी तिला दिलेलं नाव लाईन्समन. खेळ आहे, पण आईला सांगायचं नाही.

गोपिका चार वर्षांची आहे. शाळेच्या वाटेवर वर्दळीचा जगनाडे चौक लागतो.

सुमंतला फोन केला तर तो म्हणाला, तुझं काहीतरीच, बाबा तिला रमवतात. त्यालाही ते तसंच असावं असं वाटत होतं. मला तर त्याच्याहून जास्त. कारण सोमवारपासून प्रताप नगरच्या एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायला जाणार होते. चार वर्षांनी पहिल्यांदा. गोपिकेला सोडणं-आणणं बाबांकडे, याच भरवशावर मी हो म्हटलं होतं.

आज सकाळी बाईंना भेटायचं आहे असं खोटं सांगून मीच तिला ऑटोने सोडून आले. पण साडेअकराला आणायचं होतं. आणायला बाबा जातात. गाडीची किल्ली त्यांच्या पायजम्याच्या खिशात असते.

पहिल्या एकवीस मिनिटांत पाच गोल झाले. बाबांनी पाचही बरोबर ओळखले. निवेदकाचा आवाज चढला की त्यांचा हात गुडघ्यावर आपटायचा. मला वाटलं, माझंच चुकलं, त्यांना दिसतंय. मग वाटलं, त्यांना ऐकू येतंय. पोळी करपली. ती उलटायच्या नादात दुसरी फाटली. घड्याळात दहा वाजून गेले, मग साडेदहा. मी तीनदा हात धुतले.

नव्वद मिनिटं संपली, वरची मिनिटं सुरू झाली. मी ओल्या हातानेच रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"आवाज गेला काय?" बाबा म्हणाले.

बॉक्समध्येच काहीतरी असेल, मी म्हटलं.

मैदान मुकं झालं. बाबा मान डावीकडे-उजवीकडे फिरवू लागले, रेषेवर धावताना फिरवत असतील तशी. बॉल कोणाच्या तरी पायाला लागून उडाला, पुढच्याने आत दिला, तिसऱ्याने जाळ्यात मारला. निळ्या शर्टांची माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. बाबांची मान अजून मैदानाच्या मध्यावर, बॉल जिथे होता तिथे, त्याला शोधत होती. मी मनात चार आकडे मोजले. मग प्रशिक्षक उड्या मारताना दिसला, तेव्हा ते घाईने म्हणाले, "गोल."

"झेंडा, बाबा?"

"खाली होता न. पाहिला मी."

टीव्हीवर झेंडेवाला दाखवलाच नव्हता.

पडद्यावर आता पंच कानाला हात लावून उभा होता. निळी माणसं थांबली. मी आवाज सुरू केला. गोल रद्द झाल्याचं निवेदक ओरडून सांगत होता आणि दुसऱ्या बाजूचे पाहुणे प्रेक्षक नाचत होते.

 बाबांनी मान वळवली नाही.

"आवाज तू बंद केला होता," ते म्हणाले.

"हो."

"निकाल माहीत होता तुले."

"हो, बाबा."

"मले तपासून राहिली होती."

मी गॅस बंद केला. गोपीने सांगितलं मला, म्हटलं. हात वर करते ते.

ते हसले, खरंच हसले. "पोरगी एक नंबर आहे. तीन महिन्यांत एकडाव चुकली नाही. माह्या वेळचे मोठमोठे गडी चुकत."

"ती चार वर्षांची आहे." माझा आवाज माझ्या हातात राहिला नव्हता. "तुम्हीच म्हणता ना, शंका असेल तर झेंडा खाली? मग गाडी कशी काढत होतात?"

"शंका नव्हती वं," बाबा म्हणाले. "मले माहीतच होतं."

मग त्यांनी सांगितलं, टीव्हीकडे तोंड करूनच. जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, एकटेच. काचबिंदू. बाजूचं दिसणं गेलेलं आहे, ते परत येत नाही. समोर एक भोक उरलंय, त्यातून जेवढं मावेल तेवढं जग. टीव्ही त्या भोकात मावावा म्हणून खुर्ची मागे. औषधाचे थेंब ते संडासात जाऊन घालतात.

आम्हाला का नाही सांगितलं, असं मी विचारलं नाही. तरी त्यांनी उत्तर दिलं.

"तूच म्हणाली होती फोनवर, तुह्या आईले. बाबा आहेत म्हणून जमून राहिलं. मी आइकलं." मग म्हणाले, "असं कोणी म्हटलं नव्हतं मले, रिटायर झाल्यापासून."

मी तसं म्हटलं होतं. ते ऐकत आहेत हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि आईपेक्षा त्यांच्यासाठीच म्हटलं होतं.

बाबा उठले. खिशातून किल्ली काढून त्यांनी पोळपाटावर, पिठात ठेवली. सुमंतले मीच सांगतो, म्हणाले. मग डोक्याला दुपट्टा बांधायला लागले.

"कुठे?"

"पोरगी सुटन न आता. पायी निघू."

एप्रिलचं ऊन. गल्लीतून ते घरात फिरावं तसे सवयीने चालले, मला मागे टाकून. हात दिला तर तो त्यांनी बघितला नाही, किंवा त्यांना दिसला नाही. चौकाच्या तोंडाशी मात्र थांबले. ट्रक, ऑटो, शहर बस, सगळं अंगावर येत होतं. गोपिकेची पट्ट्याची बाटली घाईत तशीच खांद्याला अडकवून मी निघाले होते.  मग ते म्हणाले, "ते पाण्याची बाटली दे इकडे, जड असन तुले." बाटली रिकामीच होती. पट्ट्याचं एक टोक त्यांनी हातात घेतलं, दुसरं माझ्याकडेच राहिलं, आणि आम्ही रस्ता ओलांडला.

पलीकडे आल्यावर म्हणाले, सोमवारी तू जाय. मी पायी येईन, पाऊण तास आधी निघीन. मी म्हटलं, बघू. मला खरंच माहीत नव्हतं.

शाळेच्या फाटकावर गर्दी होती. आया, आज्या, ऑटोवाले. घंटा झाली आणि एकसारख्या चौकड्यांच्या फ्रॉकमधल्या चाळीस-पन्नास मुली एकदम बाहेर लोटल्या. मी टाचा उंचावून गोपिकेला शोधू लागले. प्रत्येक चेहरा तिचाच वाटत होता.

बाबा फाटकाच्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले. ती रोजची जागा असावी. चौकीदाराने तिथली सायकल बाजूला घेतली. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. मान ताठ, नजर समोर रस्त्यापलीकडे, आणि उजवा हात खाली, थोडा बाजूला, तळवा उघडा. मुली त्यांना घासून, वळसा घालून जात होत्या. ते हलले नाहीत. मी हाक मारणार होते, पण थांबले. गर्दीतून एक छोटा हात आला आणि त्या तळव्यात बसला, आणि बाबांची बोटं मिटली.