चौतीस नंबरचा पट्टा

मी एक पट्टा आहे, हिरव्या प्लास्टिकचा, अंगावर पांढऱ्या रंगात चौतीस हा आकडा कोरलेला. सहा वर्षे मी एका रानटी कलहंसीच्या गळ्यात होतो. मित्रांनो, माझ्यावर खुनाचा संशय होता, आणि तो घेणारी बाई वेडी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

माझा जन्म तळ्याकाठच्या एका लांबट खोलीत झाला. तिथे एक मोठे टेबल होते, भिंतीला गमबूट उलटे टांगलेले असत आणि ओल्या जाळ्यांचा वास कधी जात नसे. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या सरांनी प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ केली, मला बाटलीभोवती गुंडाळून गोल केले आणि माझ्या कडा कानशीने घासल्या. हे काम ते दुसऱ्या कुणावर सोपवत नसत. "पाखराला टोचता कामा नये," असे म्हणत आणि माझी कड स्वतःच्या गालावर फिरवून बघत. इतक्या मायेने घडवलेली वस्तू कुणाच्या जिवावर उठेल, असे तुम्हाला तरी वाटले असते का?

काम सोपे होते. माणसाच्या डोळ्यांना सगळे कलहंस सारखेच दिसतात. गळ्यात मोठा आकडा असला की लांबूनही ओळख पटते. कोण परत आले, कोण किती वर्षे जगले, हे वहीत लिहिता येते. उन्हाळ्यात कलहंसांच्या पंखांची पिसे गळतात आणि महिनाभर त्यांना उडता येत नाही. तेव्हा होड्यांनी हाकत हाकत त्यांना जाळीच्या कोंडवाड्यात आणायचे, प्रत्येकाच्या पायात आकडा कोरलेली धातूची बारीक कडी घालायची आणि गळ्यात पट्टा बसवायचा. माझ्या दिवशी एकशे वीस कलहंस सापडले. साठ पट्टे बसवून झाले आणि शीटच संपली. उरलेल्या साठांना नुसती कडी घालून सोडले. जाळी लावणारे आणि पाखरे धरणारे जाळीकाका म्हणाले, "हे साठ कमनशिबी. यांना दागिना नाही मिळाला."

पहिली दोन वर्षे माझा तोरा काही विचारू नका. "चौतीस दिसली," असे कुणीतरी म्हणे आणि वहीत नोंद होई. हंसी मात्र मला एक दिवसही विसरली नाही. रोज ती चोचीने मला ओढून बघे. तिचा नर मान साफ करायला येई, माझ्यापाशी अडखळे आणि मुकाट्याने परत जाई. होईल सवय, असे मी स्वतःला सांगत राहिलो.

तिसऱ्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. माझ्याच शीटमधून कापलेला माझा भाऊ, तेहतीस नंबर, एका तरुण हंसाच्या गळ्यात होता. हंसाने चरायला मान बुडवली की पट्ट्यात पाणी साचे आणि तिथेच गोठे. एका सकाळी त्याच्या गळ्याशी मुठीएवढा बर्फाचा गोळा दिसला. त्याला मान वर उचलता येईना. दुसऱ्या दिवशी तो काठाच्या गवतात पडला होता. मी मनाला समजावले की थंडीने गेला असेल. मग म्हटले, कोल्ह्याने धरला असेल. म्हातारा झाला असेल, असेही म्हणून पाहिले, तो तीन-चार वर्षांचाच आहे हे ठाऊक असून. खाई त्याला खवखवे, ते असे.

त्याच वर्षी दुर्बीणताई आल्या. त्या मोठ्या सरांच्या विद्यार्थिनी. गळ्यातली दुर्बीण कधी उतरत नसे, म्हणून काकांनी त्यांना हे नाव दिले होते. बाकीचे लोक माझा आकडा वाचून पुढे जात. या बाई आकडा वाचून झाल्यावरही माझ्याखालची मान न्याहाळत बसत. आम्ही काठावर चरत असताना एकदा त्यांचे बोलणे माझ्या कानी पडले.

"काका, हे पट्टेवाले दरवर्षी इतके कमी का होतायत?"

"पट्टे गळून पडत असतील."

"पडलेला एखादा सापडला का तुम्हाला?"

"एक सापडला होता. पण त्यात मान होती."

त्या दिवसापासून बाई मला दुर्बिणीतून पाहत आणि मी त्यांना पाण्यात. सरांनाही त्या खटकू लागल्या. त्यांनी जुन्या वह्यांच्या कपाटाला कुलूप घातले, असे काका होडीत कुणाला तरी सांगत होते. सरांना वाटे, ही मुलगी आपले नाव घालवायला निघाली आहे. ताईंना वाटे, सर काहीतरी दडपत आहेत. तळ्यात जितके पाणी नव्हते, तितके त्या खोलीत मुरत होते.

सहाव्या उन्हाळ्यात आम्हाला पुन्हा कोंडवाड्यात आणले. ताई वही घेऊन सरांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, शीट संपली होती तो दिवस आठवतोय ना? साठ पट्टेवाले आणि साठ नुसत्या कडीचे. तळं एक, दिवस एक. दोन्हीतले किती उरलेत, ते आज मोजू या."

"पट्टे गळतात. दिसला नाही म्हणजे मेला असं नसतं. हे मीच शिकवलंय तुला."

"पट्टा गळला तरी पायातली कडी राहतेच ना? म्हणून आज सगळ्यांचे पाय बघायचे."

"तू उत्तर ठरवून आली आहेस."

"मग पाय तुम्ही वाचा. मी फक्त लिहिते."

दिवसभर काका एकेक पाखरू धरत होते, सर कडी वाचत होते आणि ताई लिहीत होत्या. शेवटी बेरीज झाली. नुसत्या कडीचे सत्तावीस उरले होते. पट्टेवाले अकरा. पट्टा गळून नुसती कडी राहिलेले दोन.

सरांनी वही ओढून घेतली आणि स्वतः मोजले. आकडे तेच आले. "काका, जाळीबाहेर काही निसटले का?"

"पिल्लूसुद्धा नाही निसटलं, सर."

अकरापैकी शेवटची आमची हंसी काकांच्या काखेत होती. सरांनी मला बोटाने वर सरकवले. माझ्याखाली पिसे उरली नव्हती. कातडी लाल झाली होती आणि एका जागी ओली होती. मी सहा वर्षे तिथे होतो, पण माझ्याखाली काय आहे ते मीही त्या दिवशीच पाहिले.

"कात्री द्या," सर म्हणाले.

"सर, सहा वर्षांची नोंद आहे हिची," काका म्हणाले. "पट्टा काढला तर पुढे लांबून ओळखायची कशी?"

"नाही ओळखता आली तर नाही."

मी दोन तुकडे होऊन खाली पडलो. हंसीने मान झटकली, पाण्यात उतरली आणि मान पार बुडेपर्यंत खाली घातली.

मला उचलून खोलीतल्या टेबलावर ठेवले. सर माझ्यासमोर बसले होते. ते म्हणाले, "नऊशेच्या वर बसवले गं मी. याच हातांनी."

ताईंनी समजूत घातली नाही. त्यांनी विचारले, "छापणार ना, सर?"

"अजून संशय येतो माझा?"

"येतो."

सर रागावले नाहीत. त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "मग मी लिहीन तेव्हा शेजारी बस. एकही आकडा सुटला तर सांग."

त्यांनी सगळे लिहिले, स्वतःची चूकही लिहिली. आमचे पाहून ज्या तळ्यांवर पट्टे सुरू झाले होते, तिथे पत्रे गेली. काहींनी पट्टे काढले. काहींनी कळवले की आमचे पट्टे वेगळे आहेत आणि आमची पाखरे धडधाकट आहेत. हे उत्तर वाचताना ताईंनी माझ्याकडे पाहिले. मला ते उत्तर तोंडपाठ होते. तीन वर्षे मी तेच म्हणत आलो होतो.

मित्रांनो, आता नवे विद्यार्थी आले की मला त्यांच्या हातात देतात. मला तोंड असते तर मी त्यांना एवढेच सांगितले असते: पाखरावर प्रेम आहे म्हणून त्याच्या अंगावर काहीही चढवू नका. आधी थोड्यांवर बसवून पाहा, थोड्यांना मोकळे ठेवा, आणि दोन्ही मोजा. कोल्ह्याचा संशय कुणीही घेते. तुम्ही आधी आपल्या हातातल्या वस्तूचा घ्या.

आमची हंसी आहे की गेली, मला माहीत नाही. तिच्या पायात आता फक्त ती बारीक कडी आहे आणि ती लांबून वाचता येत नाही. मोठे सर अजून तळ्यावर जातात. गवतात पालथे पडून, दुर्बीण लावून, एखाद्या कलहंसाने पाय पाण्याबाहेर काढायची वाट बघतात. एक आकडा वाचायला कधी कधी अख्खी सकाळ जाते. जाऊ दे.